पुरातली मारुती ८००: डावं पुढचं चाक शेवटी सुटलं

काल रात्री साडेनऊला लेकीनं ब्रेक दाबला, सोडला आणि मी लगेच डाव्या पुढच्या चाकाला हातानं झटका दिला. दीड फेरा फिरून चाक सावकाश थांबलं. या दीड फेऱ्यासाठी सहा आठवडे गेलेत. कार्ब्युरेटरचं पुढच्या वेळी लिहीन, आज फक्त चाक.

मागचं थोडक्यात: डाव्या पुढच्या चाकाचा ब्रेक पाय काढल्यावरही कुठेतरी धरून राहायचा. विश्रामबागेतून मिरजेला जाऊन आलं की डाव्या रिमला हात लावता येत नाही, उजवी मात्र कोमट. गाडी डावीकडे ओढते, पॅड जळल्याचा वास. आणि घरी येऊन, चहा पिऊन, जॅक लावून बघावं तर चाक मोकळं! या मोकळेपणानंच मला फसवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले तेव्हा ही गाडी गावभागात सीट बुडेपर्यंत पाण्यात होती. त्यामुळे डोक्यात एकच बसलेलं, बेरिंगमध्ये गाळ. जुनं बेरिंग काढलं तर ग्रीस खरंच करडं, बोटांत चोळलं की कचकच वाजणारं. बदललं. वास तसाच. मग कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या, सरकायच्या पिना काढल्या, त्यातली एक गंजून घट्ट बसलेली. तीही साफ करून ग्रीस लावून मोकळी केली. मग पॅड ढकलणाऱ्या पिस्टनचं किट, म्हणजे त्याची रबरी सीलं. दर वेळी वाटायचं, झालं काम. आणि दर वेळी परतताना विजयनगरच्या आसपास नाकाला वास यायचाच.

किटवरून एक सांगतो. पहिलं ज्या दुकानातून आणलं तिथल्या पाकिटावर ‘८००’ छापलेलं, पण चौकोनी सील खाचेत सैल. परत घ्यायला नकार दिला. पॉलिश, मॅट, आरसे कुठलेही घ्या. ब्रेकचं रबर मात्र कंपनीचंच घ्या, चार दिवस थांबावं लागलं तरी.

गाठ सुटली ती मिरजेच्या चाचांमुळे. त्यांनी गाडी बघितलीसुद्धा नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “साहेब, तुम्ही चाक सुटल्यावर तपासताय. धरलेलं असताना तपासा.”

मग काल तसंच केलं. पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घेतली, गिअर न्यूट्रल. पेडलला हात न लावता दोन्ही चाकं सारखीच फिरतात. पॅडची हलकी सर्रसर्र दोन्हीकडे, डिस्क ब्रेकला तेवढी असतेच. मग लेकीला आत बसवलं.

“दाब. सोड.”

“सोडला, बाबा.”

उजवं लगेच मोकळं. डावं जाम, दोन्ही हातांनी ओढलं तरी जेमतेम हलतंय. घड्याळ लावून बसलो. सुटायला अकरा मिनिटं लागली! माझा चहा आणि जॅक मिळून रोज तेवढीच मिनिटं खात होते.

पुन्हा दाबायला लावलं, चाक धरलं. आता कॅलिपरचं निपल, म्हणजे तेल-हवा बाहेर काढायचा पोकळ स्क्रू, पाव फेरा सैल केलं. तेलाची एक चिळकांडी उडाली आणि चाक त्याच क्षणी सुटलं. म्हणजे पिस्टन अडकलेला नाही, पिनाही नाहीत. आत दाब कोंडलाय. पण कुठे, मास्टरमध्ये (पेडलनं तेल ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरमध्ये) की वाटेत? निपल बंद करून तिसऱ्यांदा दाबलं आणि या वेळी वरचा जोड सैल केला, जिथे लोखंडी पाईप संपून रबरी होज सुरू होतो तो. तेल पाझरलं, चाक मात्र धरलेलंच. मास्टरवरचा संशय फिटला, कॅलिपरवरचाही. मधे उरला वीतभर होज.

(या जोडाला साधा दहाचा पाना लावू नका, नटाचे कोपरे झिजतात. फ्लेअर नटाचा पाना घ्या, तो नटाला जवळजवळ चारी बाजूंनी धरतो. आणि तेल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता.)

होज काढून एका टोकाला २० मिलीची सिरिंज जोडली. जोर दिला की तेल जातं. मागे ओढायला लागलो तर दट्ट्या हातातून निसटून आपोआप पुढे जातोय. ब्लेडनं उभा चिरला. बाहेरून नवा वाटावा असा, एकही भेग नाही. आतलं अस्तर मात्र फुगून उचकटलेलं, त्याचा नखाएवढा पापुद्रा भोकावर झडपेसारखा पडलेला. पाय पेडलवर जोर लावतो तेव्हा तेल त्यातून रेटून जातं, पण परत येताना मागे ढकलणारं असं काही नसतंच. या कॅलिपरला स्प्रिंग नाही. दाबताना पीळ खाल्लेलं ते चौकोनी सील सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं, एवढंच. त्या केसभर ओढीला हा पापुद्रा पुरून उरत होता. मी तो तुकडा किती वेळ हातात धरून बसलो होतो.

नवा होज बसवला, पीळ पडू दिला नाही, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून कुठे घासत नाही ते पाहिलं, तेलात अडकलेली हवा काढली. मग तो दीड फेरा.

डिकीचा पत्रा दिवाळीआधी संपवायचा होता, तो आता पुढे. कारण इतर चाकांचे होजही त्याच पाण्यात होते. डाव्या निपलातून आलेलं तेल कोऱ्या चहासारखं काळपट होतं. ब्रेक ऑइल हवेतलीसुद्धा ओल ओढतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, ओल धरल्यावर किमान १४० एवढीच हमी. उतारावर तापलं की पेडल मऊ पडणार. तेव्हा सगळं तेल उपसून नवीन.

आणि हे लिहितानाच सुचलं: किती धरतंय ते ‘वाटतं’वर कशाला ठेवायचं? टायरवर दोरी गुंडाळून ताणकाट्यानं ओढलं तर चाक हलायला किती किलो लागतात ते कळेल. आत्ताच जाऊन करून आलो. पेडल दाबून सोडल्यावर डावं दोन किलोला हललं, उजवं साडेतीनला.

म्हणजे उजवा होजही त्याच वाटेवर असणार. त्याच्या जोडाला गंज सोडवायचं तेल मारून ठेवलंय. रविवारी तो बदलतो आणि मग मिरजेच्या पुढे दंडोबाच्या चढापर्यंत जाऊन येतो. पोचल्या पोचल्या, चहाआधी, चारी रिमांना हात लावीन.