कयाकचं पॅडल घेताय? आधी पातं बघा

कयाक, म्हणजे दोन्ही टोकांना पातं असलेल्या पॅडलने वल्हवायची छोटी निमुळती होडी, घ्यायची म्हटलं की लोक महिना महिना रिसर्च करतात, आणि पॅडल मात्र दुकानदार सोबत जे देईल ते, मला हे अजिबात पटत नाही, कारण बोटीचं वजन पाणी उचलतं पण पॅडलचं वजन प्रत्येक स्ट्रोकला आपल्यालाच उचलायचंय. साधा हिशोब करा, आरामात मारलं तरी मिनिटाला 50 स्ट्रोक धरा, म्हणजे तासाला 3000. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा आणि प्लास्टिकची पाती असलेलं पॅडल किलोभर तरी भरतं, कार्बनचं साधारण 700 ग्रॅम, फायबरग्लास मधे कुठेतरी. 300 ग्रॅमचा फरक गुणिले 3000, तासाला 900 किलो जास्तीचे, खांदे भरून येणारच ना.

तरी डोळे झाकून कार्बन घ्या असं मी म्हणणार नाही, महाग आहे बाबा ते. वजन कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. दुकानात उभ्या उभ्या हवेतच दहा-बारा स्ट्रोक मारून बघा, पाती जड असतील तर टोकं ओढल्यासारखी लगेच जाणवतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोठं पातं नको! मोठ्या पात्याने जास्त पाणी कापलं जातं म्हणून बोट पळते हे खरं, पण जड गिअर टाकून सायकलवर फ्लायओव्हर चढल्यासारखं होतं, पहिली दहा मिनिटं मजा आणि मग दंड बोलायला लागतात. लांब जायचं असेल तर लहान, निमुळतं पातं आणि थोडे भराभर स्ट्रोक. ग्रीनलँडचे इनुइट लोक तर पूर्वीपासून लाकडाची अरुंद लांब पॅडल्स घेऊन थंड समुद्रात शिकारीला जात आलेत, उगाच नाही.

लांबी बोटीच्या रुंदीवर ठरते. आपल्याकडे भाड्याने मिळतात त्या रुंद सिट-ऑन-टॉप, म्हणजे वरच बसायच्या कयाक असतील तर 230-240 सेंमी, समुद्रात लांब जायच्या अरुंद सी कयाकला 210-220 पुरे. आखूड घेतलं तर बोटांची पेरं कडेवर आपटतात आणि पाण्यापर्यंत पोचायला प्रत्येक वेळी वाकावं लागतं.

आता वाऱ्याचं. मुंबईच्या मार्वे-मनोरीच्या खाडीत सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो तोवर सगळं गोड, दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला आणि त्याच्या तोंडावर जायची वेळ आली की वर हवेत असलेलं पातं वारा अडवतं. म्हणून दोन पाती एकमेकांना तिरकी लावायची सोय असते, साधारण 60 अंशांपर्यंत, म्हणजे वरचं पातं वाऱ्याला कडेने कापतं. पण तिरकेपणा जितका जास्त तितकं मनगट दर स्ट्रोकला मुरडायचं, माझ्या एका मैत्रिणीचं मनगट त्यानेच धरलं होतं, तिने शून्यावर आणलं आणि दुखणं थांबलं. मी स्वतः 30 च्या आतच ठेवते. आणि दांडा घट्ट आवळू नका हो, वरच्या हाताची बोटं सैल उघडी राहिली पाहिजेत, खेच कमरेतून वळून यायला हवी.

घ्यायच्या आधी कोणाचं तरी मागून घ्या आणि ओहोटीच्या पाण्याविरुद्ध अर्धा तास मारून बघा, सपाट तलावात सगळीच पॅडल्स चांगली वाटतात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास मात्र हा प्रयोग नको, उधाणाचं पाणी फार ओढतं.

घेतल्यावर दर वेळी मधला जोड सोडवून गोड्या पाण्याने धुवायचा, मीठ आणि रेती आत बसली की ते दोन तुकडे सुटता सुटत नाहीत.