तिळातिळाने

रविवार कारंज्यापाशी सुगडं घेताना मी एकेक टिचकी मारून वाजवून बघते. यंदा वाजवता वाजवताच लेकीचा फोन आला, स्टॉकहोमहून. "आई, सुगडांऐवजी दह्याच्या काचेच्या बाटल्या चालतील?"

न चालायला काय झालं? पण आत भरणार काय? हरभऱ्याचे घाटे नाहीत, उसाची कांडी नाहीत, गव्हाच्या ओंब्यांचं तर नावच नको. मग गाजर, मटार आणि बोरांच्या जागी तिथली आंबट लाल लिंगनबेरी. शेतात आलं ते सुगडात, हा आपला हिशेब. तिचं शेत म्हणजे सुपरमार्केटचा फ्रीझर.

भोगीच्या भाकरीला हात वळेना, म्हणून तिने पराठ्यावरच तीळ थापले. काळं नेसण्याची चिंता नव्हती, जानेवारीत तिथे अख्खं गाव काळ्या कोटातच असतं.

खरी गंमत तिळगुळाची. चिकीचा गूळ मिळाला नाही, साध्यावरच भागवलं. "पाकाचा थेंब पाण्यात टाक, गोळी ताटलीवर टण् वाजली की उतरव," मी फोनवरून सांगत होते. वाजली. मग वड्या लवकर थंड व्हाव्यात म्हणून बाईसाहेबांनी ताट बाल्कनीत, बर्फावर ठेवलं! दहा मिनिटांत वडीची फरशी. सुरी वाकली, शेवटी हातोडी आणली. शेजारणीला तो तुकडा देऊन 'गोड बोला' म्हणाली म्हणे. बिचारीच्या तोंडात तो असेपर्यंत ती बोलणार तरी काय?

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले. खरं सांगायचं तर नाशकात ते कधी जाणवलं नाही. आमच्याकडे भर थंडीतही अकरा तास ऊन. तिच्याकडे १४ जानेवारीचा दिवस जेमतेम पावणेसात तासांचा.

संध्याकाळी देवापाशी दिवा लावून बराच वेळ झाला होता, पावणेआठ वाजले असतील. तिने व्हिडिओ कॉल केला आणि कॅमेरा खिडकीकडे फिरवला. समोरच्या इमारतीच्या कडेला नारिंगी रेघ उरली होती. तिच्या घड्याळात सव्वातीन.

"बघ आई, डिसेंबरात पावणेतीनलाच जात होता."

मी गॅसवरची खिचडी बंद केली आणि ती रेघ पुसेपर्यंत दोघी बघत राहिलो.