सोप एंडपॉइंटसाठी स्वतःचं फीचर लिहिलं, त्याचा माझा अनुभव

आमच्याकडे अपाची सीएक्सएफवर (जावामधे वेब सर्व्हिस लिहायची लायब्ररी) ११ सोप एंडपॉइंट होते, म्हणजे एक्सएमएल संदेशांनी बोलणाऱ्या सर्व्हिसचे पत्ते, आणि प्रत्येकाच्या स्प्रिंग एक्सएमएलमधे (सेटिंगची फाइल) इंटरसेप्टरची, म्हणजे येणारा-जाणारा संदेश वाटेत धरून काम करणाऱ्या कोडची, तीच यादी कॉपी-पेस्ट केलेली. लॉगिंग, रिक्वेस्ट आयडी (प्रत्येक रिक्वेस्टची ओळख), एमटॉम (मोठ्या फाइल्स संदेशासोबत पाठवायची पद्धत). बारीकसा बदल आला तरी ११ ठिकाणी हात घालायचा आणि एखादं ठिकाण राहूनच जायचं.

आधी वाटलं जॅक्स-डब्ल्यूएसचं (जावातल्या वेब सर्व्हिसचं स्पेक) वेबसर्व्हिसफीचर वापरू; फीचर म्हणजे एंडपॉइंटला एकदम लावता येणारी सोय, एमटॉमफीचर, ॲड्रेसिंगफीचर त्यातच तर येतात. पण स्पेक नुसता साचा देतो, आपलं फीचर ओळखून काम करणारा कोड रनटाइममधेच, म्हणजे स्पेक प्रत्यक्ष राबवणाऱ्या सीएक्सएफसारख्या लायब्ररीत लागतो. म्हणून थेट सीएक्सएफचं ॲबस्ट्रॅक्टफीचर घेतलं, त्यातली इनिशियलाइझप्रोव्हायडर मेथड ओव्हरराइड केली की इंटरसेप्टर आपणच जोडायचे, एंडपॉइंटच्या एक्सएमएलमधे फक्त फीचरचं नाव.

पहिलं व्हर्जन म्हणजे एकच मोठं फीचर आणि ६ बूलियन फ्लॅग, कारण याला एमटॉम नको, त्याला लॉगमधे बॉडी नको असं प्रत्येकाचं वेगळं. आठवड्यात ते मोडलं आणि एका कामाला एक फीचर अशी तीन केली. एंडपॉइंटचं नाव फीचरला कळता कामा नये, हा नियम मी रिव्ह्यूमधे अजिबात सोडत नाही.

खरा वेळ खाल्ला रिक्वेस्ट आयडीने. टेस्टिंगमधे सगळं नीट, पण क्लायंटला फॉल्ट (चूक झाल्याचं उत्तर) गेला की हेडरमधे आयडीच नाही, म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त गरज तेव्हाच गायब! दोन कारणं निघाली. एक, फॉल्टची आउट चेन (उत्तर बाहेर जाताना चालणारी इंटरसेप्टरची साखळी) नेहमीच्या उत्तरापेक्षा वेगळी असते, तिथे इंटरसेप्टर वेगळा जोडावा लागतो, तो मी जोडलाच नव्हता. दुसरं, आयडी वाचणारा इंटरसेप्टर मी प्री-इन्व्होकला (सर्व्हिसचा कोड चालण्याआधीचा टप्पा) ठेवलेला आणि स्कीमा व्हॅलिडेशन (संदेश ठरलेल्या साच्यात आहे का ही तपासणी) त्याच्या आधी अनमार्शलला (एक्सएमएलचे ऑब्जेक्ट करायचा टप्पा) फुटायचं, म्हणजे माझ्यापर्यंत गाडी यायचीच नाही. तो रिसीव्ह फेजला (सगळ्यात पहिला टप्पा) हलवला, आयडी एक्सचेंजमधे (रिक्वेस्ट आणि तिचं उत्तर दोन्हींना सामाईक ऑब्जेक्ट) ठेवला आणि दोन्ही आउट चेन तिथूनच उचलायला लागल्या.

मग तेच फीचर क्लायंटला लावलं तर दिशा उलटी, सर्व्हरची इन चेन म्हणजे रिक्वेस्ट आणि क्लायंटची इन चेन म्हणजे रिस्पॉन्स. त्यामुळे सर्व्हर आणि क्लायंटसाठी इनिशियलाइझ वेगवेगळी लिहिली. नवीन एंडपॉइंटला आता फीचरच्या तीन ओळी पुरतात, बाराव्याच्या वेळी टीममधल्या नवीन मुलीने त्या न विचारता स्वतःच लावल्या.