पॉलिसीतली बोट आणि पाण्यातली बोट

भाड्याने दिलेल्या बोटीवर प्रवासी जखमी झाला की सगळे आधी चूक शोधू लागतात. वेग जास्त होता का, शिडी निसरडी होती का, प्रवासी सांगूनही उभा राहिला का. विम्याचा वाद मात्र बहुधा त्याच्या आधीच्या पायरीवर पेटतो. बोटमालकाची चूक पूर्ण सिद्ध झाली तरी कंपनीने पैसे द्यायचे असतात. दायित्व विमा घ्यायचा तो त्यासाठीच. पण पॉलिसीत वर्णन केलेली बोट आणि त्या दिवशी पाण्यात असलेली बोट एकच होती का? तेच काम, तोच तांडेल (बोट चालवणारा), तेवढीच माणसं, तीच हद्द? यात फरक सापडला की चूक कोणाची हा मुद्दा कंपनीपुरता संपतो, आणि ज्या करारावर आपली सहीसुद्धा नाही त्याच्या अटी जखमी प्रवाशाला भोवतात.

पॉलिसी हातात घेतली की मालकाची नजर बोटीच्या विमा रकमेवर जाते. ती रक्कम बोटीच्या नुकसानीची. प्रवाशाच्या इजेसाठी पाहायचा भाग वेगळा असतो. त्याला पी अँड आय (प्रोटेक्शन अँड इंडेम्निटी) किंवा तृतीय पक्ष दायित्व म्हणतात. त्यात तीन गोष्टी शोधा: एका माणसामागे मर्यादा किती, एका घटनेमागे एकूण किती, आणि वकिलाचा खर्च या मर्यादेतून जातो की बाहेरून. खर्च मर्यादेतून जात असेल तर खटला जितका लांबेल तितका जखमी माणसाचा वाटा आटत जातो. वैद्यकीय खर्चाचा जो छोटा भाग असतो तो चूक न पाहता मिळतो, पण मणक्याच्या एका शस्त्रक्रियेलाही तो सहसा पुरत नाही.

आता वादाचं मूळ. मौजेच्या वापरासाठी विमा उतरवलेल्या बोटीच्या पॉलिसीत ‘फक्त खासगी वापर’ अशी अट असते. पैसे घेऊन एक फेरी केली तरी ती मोडते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९५५ चा विल्बर्न बोट खटला याच प्रकारच्या अटींचा आहे: लेक टेक्सोमावर जळालेली हाउसबोट, तिच्या पॉलिसीत बोट विकायला, भाड्याने द्यायला आणि व्यावसायिक वापराला मनाई. आगीचा भाड्याशी संबंध नव्हता, तरी कंपनीने अट मोडल्याचं कारण देऊन नकार दिला. या मुद्द्यावर प्रस्थापित असा संघीय सागरी नियम नाही, तेव्हा राज्याचा कायदा पाहा, असं न्यायालयाने ठरवलं. म्हणजे तीच अट, तोच प्रसंग, पण निकाल कुठला कायदा लागू होतो यावर अवलंबून. हा धागा आजही तसाच आहे.

‘पैसे घेतले नाहीत, फक्त डिझेलचा खर्च वाटून घेतला’ हा बचाव नेहमी येतो. अमेरिकेच्या कायद्यात प्रत्यक्ष खर्चाची ऐच्छिक वाटणी मोबदला धरली जात नाही. पण शब्द नीट वाचा: प्रत्यक्ष आणि ऐच्छिक. माणशी ठरलेला आकडा, आगाऊ रक्कम, ‘पैसे दिल्याशिवाय जागा नाही’ असा संदेश, यांपैकी एक जरी फोनमध्ये सापडला तरी तो बचाव कोसळतो. आणि कंपनीचा तपासनीस सगळ्यात आधी बुकिंगचे संदेशच मागतो.

चार्टरची, म्हणजे बोट भाड्याने देण्याची, परवानगी असलेल्या पॉलिसीतही दोन वेगळे प्रकार असतात आणि इथेच खूप जण फसतात. बेअरबोट चार्टरमध्ये बोटीचा ताबा आणि नियंत्रण भाडेकरूकडे जातं. तांडेल तो निवडतो, पगार तो देतो. स्किपरसह चार्टरमध्ये नियंत्रण मालकाकडेच राहतं. कागद बेअरबोटचा करायचा आणि तांडेल मात्र मालकाने ठरवलेला पाठवायचा, ही पद्धत ठिकठिकाणी चालते, कारण त्यामुळे प्रवासी बोटीसाठीच्या तपासण्या चुकवता येतात. अपघात झाला की न्यायालय कागदाचं नाव पाहत नाही, नियंत्रण कोणाकडे होतं ते पाहतं. मग मालक दोन्हीकडून अडकतो: भाडेकरूवर जबाबदारी ढकलता येत नाही, आणि पॉलिसीत बेअरबोटचंच एंडॉर्समेंट (जोडलेली परवानगी) असल्याने कंपनी हात वर करते. माझ्या मते या धंद्यात इतका धोकादायक दुसरा शॉर्टकट नाही, कारण त्याची किंमत बोटीवर विश्वासाने चढलेला माणूस मोजतो.

त्यानंतर येतात वॉरंट्या, म्हणजे विमाधारकाने पाळायचं कबूल केलेल्या अटी. नाव नोंदवलेलाच माणूस सुकाणूवर हवा, प्रवासी ठरलेल्या संख्येत हवेत, बोट ठरलेल्या हद्दीत आणि हंगामात चालावी, अग्निशमन साधनांची तपासणी वेळेवर व्हावी, प्रत्येक प्रवाशाची सही असलेला माफीनामा (इजा झाली तरी दावा करणार नाही असं लिहून देणारा कागद) घ्यावा. शेवटची अट विशेष फसवी आहे. असा माफीनामा अनेक ठिकाणी कायद्यापुढे टिकत नाही, पण पॉलिसीने तो मागितला असेल आणि आठ जणांपैकी सात जणांनीच सही केली असेल, तर आठव्याच्या अपघातात कंपनीला नकाराचं कारण मिळतं.

वॉरंटी मोडली आणि तिचा अपघाताशी काही संबंध नसला तर काय? उत्तर देशागणिक बदलतं. इंग्लंडच्या १९०६ च्या मरीन इन्शुरन्स अ‍ॅक्टचा नियम कठोर होता: वॉरंटी तंतोतंत पाळायची, ती जोखमीच्या दृष्टीने महत्त्वाची असो वा नसो, मोडली की त्या क्षणापासून कंपनी मोकळी. भारताच्या १९६३ च्या कायद्यातलं कलम ३५ त्याच धाटणीचं आहे, आणि नंतर अट पुन्हा पाळायला लागलो हे सांगून सुटका होत नाही. इंग्लंडने मात्र २०१५ च्या इन्शुरन्स अ‍ॅक्टने हे बदललं. आता तिथे अट मोडलेली असेल तेवढ्या काळापुरतं संरक्षण थांबतं, चूक दुरुस्त झाली की पुन्हा सुरू होतं. शिवाय अट न पाळल्याने प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीचा धोका वाढणंच शक्य नव्हतं असं विमाधारकाने दाखवलं, तर बहुतेक अटींच्या बाबतीत कंपनीला तिचा आधार घेता येत नाही. म्हणून पॉलिसीच्या शेवटच्या पानांवरचं ‘कुठला कायदा लागू’ हे कलम आधी वाचा. रेडर्स रिट्रीट प्रकरणात याट तळाला लागली होती, आगीचा पत्ता नव्हता, तरी अग्निशमन साधनं वेळेत तपासली नाहीत म्हणून कंपनीने नकार दिला. पॉलिसीत न्यूयॉर्कचा कायदा लिहिला होता, मालकाला पेनसिल्व्हेनियाचा हवा होता. असं कलम सागरी विम्यात सर्वसाधारणपणे पाळलंच जाईल, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये एकमताने दिला.

मुदतीच्या (ठरावीक काळासाठीच्या) पॉलिसीत समुद्रयोग्यतेची वॉरंटी गृहीत धरलेली नसते, असं ऐकून मालक निर्धास्त होतात. नियमाचा दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे: बोट समुद्रात जायला योग्य नाही हे माहीत असूनही मालकाने ती पाठवली, तर त्या दोषामुळे झालेली हानी कंपनी भरत नाही. संशय असूनही मुद्दाम डोळेझाक करणं हेसुद्धा माहीत असण्यातच मोडतं. ‘मागच्या शिडीची कडी सैल झाली आहे’ हा तांडेलाचा आठवड्यापूर्वीचा संदेश आणि त्याखाली मालकाचा अंगठ्याचा इमोजी, एवढा पुरावा पुरतो. असा संदेश आला की बोट थांबवा, दुरुस्ती करा आणि तारखेसह नोंद ठेवा. प्रवाशाचा जीवही त्यानेच वाचतो.

वगळणुकीच्या, म्हणजे विमा कशाला लागू नाही हे सांगणाऱ्या, कलमांवरचे वाद जास्त गुंतागुंतीचे. जलक्रीडा वगळल्या असतील आणि बोटीमागे ओढलेल्या ट्यूबवरून माणूस पडला, तर चित्र स्पष्ट आहे. पण तोच माणूस पोहत शिडीकडे येत असताना तांडेलाने इंजिन बंद न करता नुसतं न्यूट्रलमध्ये ठेवलं, गिअर चुकून पडला आणि पंख्याने पाय कापला, तर कारण कोणतं? ट्यूब की प्रोपेलर? इंग्लिश कायद्यात दोन कारणं सारख्याच ताकदीची असतील आणि त्यांतलं एक स्पष्ट वगळलेलं असेल तर वगळणूकच भारी ठरते. म्हणून मालकाच्या वकिलाला दाखवावं लागतं की ओढण्याचा खेळ संपला होता, दोरी गुंडाळली होती, आणि इजा फक्त बोट हाताळण्यातल्या चुकीची होती. दोरी कुठे होती याचा एक फोटो इथे मोलाचा ठरतो.

तेव्हा अपघातानंतरचे पहिले दोन दिवस. उपचार सगळ्यात आधी. मग चार्टप्लॉटरवरचा (बोटीवरच्या नकाशा-यंत्रावरचा) मार्ग सेव्ह करून बाहेर काढा, कारण पुढच्या फेऱ्यांनी तो पुसला जाऊ शकतो. मोडलेली कडी, तुटलेली पायरी, फाटलेला पट्टा दुरुस्तीवाल्याकडे टाकून देऊ नका; चिठ्ठी लावून कुलपात ठेवा. शिडीचे फोटो मोजपट्टी धरून काढा. प्रवाशांची यादी, पावत्या, तांडेलाच्या परवान्याची प्रत, त्या तासाचा हवामान अंदाज, सगळं एका फोल्डरमध्ये.

कंपनीला लेखी कळवा, त्याच दिवशी. ब्रोकरला फोन केला म्हणजे कंपनीला कळवलं असं होत नाही. ब्रोकर बहुतेक वेळा तुमचा प्रतिनिधी असतो, कंपनीचा नाही. इजा किरकोळ वाटली तरी कळवा. वेगात लाटांवर आपटणाऱ्या बोटीत पुढच्या बाजूला बसलेला प्रवासी कंबर धरून चालत घरी जातो आणि पुढे एमआरआयमध्ये कमरेचा मणका दबून मोडल्याचं निघतं. तोवर कळवण्याची मुदत गेलेली असते. कळवताना जे पाहिलं तेवढंच लिहा. तांडेलाला वाचवायला काही जोडू नका. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये व्हर्सलूट प्रकरणात म्हटलं आहे की खऱ्या दाव्याला जोडलेलं, निकालावर परिणाम न करणारं खोटं दावा बुडवत नाही. पण हा दिलासा सगळीकडे मिळत नाही, आणि खोटं उघडं पडल्यावर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

यानंतर कंपनीचं ‘हक्क राखून’ तपास करत असल्याचं पत्र येतं. तो नकार नव्हे. त्यात कोणत्या कलमांचा उल्लेख आहे ते पाहा आणि प्रत्येकावर कागदासह उत्तर द्या. कंपनीने नेमलेला वकील तुमचा बचाव करत असेल आणि सुकाणूवर तांडेल होता की पाहुणा, यावर चूक आणि संरक्षण दोन्ही ठरणार असेल, तर हितसंबंधांचा संघर्ष उघड आहे. स्वतंत्र वकील मागा. काही ठिकाणी त्याचा खर्चही कंपनीवर पडतो. कंपनीने पॉलिसी मुळापासून रद्द करून प्रीमियमचा चेक पाठवला तर सल्ल्याशिवाय वटवू नका; रद्द करणं तुम्हाला मान्य आहे असा त्याचा अर्थ लावला जाऊ शकतो.

जखमी प्रवाशाची बाजू यात सर्वांत कमकुवत. पी अँड आय करारात ‘आधी मालकाने भरावं, मग आम्ही देऊ’ अशी अट असते. मालक दिवाळखोर झाला तर हा मार्गच बंद. इंग्लंडच्या २०१० च्या कायद्याने निदान मृत्यू आणि शारीरिक इजेच्या दाव्यांत, मालक दिवाळखोर असेल तेव्हा, ही अट निष्प्रभ केली. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीच्या अथेन्स कराराच्या २००२ च्या प्रोटोकॉलने सक्तीचा विमा आणि थेट विमा कंपनीवर दाव्याचा हक्क दिला, पण बारापेक्षा जास्त प्रवाशांचा परवाना असलेल्या जहाजांपुरताच. बहुसंख्य चार्टर बोटी त्या रेषेच्या खाली राहतात. दावा करण्याच्या मुदतीही आखूड: अथेन्सखाली दोन वर्षं, अमेरिकेत सर्वसाधारण तीन, पण प्रवासी जहाजांच्या तिकिटावरच्या अटीने ती एका वर्षावर येऊ शकते.

म्हणून प्रवाशाने मालकाकडे पॉलिसीचा तपशील लेखी मागावा, स्वतःच्या प्रवास विम्याला आणि अपघात विम्याला त्याच आठवड्यात कळवावं, आणि हॉस्पिटलचं बिल भरतो म्हणून पुढे केलेल्या ‘पूर्ण आणि अंतिम’ कागदावर सही करू नये. मालकानेही तो कागद पुढे करू नये. कंपनीच्या संमतीशिवाय तडजोड करायला बहुतेक पॉलिसी मनाई करतात, त्यामुळे दिलेले पैसे मालकाला परत मिळत नाहीत, आणि सहा महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली तर प्रवाशाच्या हाती दावा उरत नाही.