जुनं सागवान आणि विडियाचे दात

जुनं सागवान म्हणजे ब्लेडची वाट, असं म्हणून पुण्यातले बरेच फर्निचरवाले त्याला हात लावत नाहीत. माझं तर बहुतेक काम त्याच लाकडावर चालतं. पेठेतला एखादा वाडा उतरवला की त्याच्या तुळया, खांब, चौकटी आणि कडीपाटाच्या फळ्या धायरीच्या आमच्या शेडमध्ये येतात आणि त्यातून टेबलं, कपाटं, देव्हारे होतात. इतकं मुरलेलं, बसल्या जागी न हलणारं सागवान नव्या मालात सहसा मिळत नाही. म्हणून लाकूड सोडून देण्याऐवजी मी धारेच्या मागे लागलो. कुठलं ब्लेड घ्यायचं, धार कधी लावायची, कोणाकडे लावायची, यावर आज लिहितोय, कारण नवीन मुलं मशीनवर लाखभर रुपये घालतात आणि ब्लेड मात्र दुकानातलं सगळ्यात स्वस्त उचलतात. मशीन नुसतं फिरवायचं काम करतं. लाकूड कापतो तो दात.

आधी लाकडाचं सांगतो. सागवानात मुळातच सिलिका असते. हाताला ते तेलकट, मऊ लागतं, पण धारेला पॉलिश पेपरसारखं खातं. त्यात कडीपाटाच्या फळ्यांवर वरच्या मजल्याची जमीन असायची, माती आणि चुन्याचा जाड थर. तो काढला तरी कण चिरांमध्ये बसून राहतात. म्हणून आमच्याकडे फळी मशीनवर चढण्याआधी तारेच्या ब्रशने दोन्ही अंगांनी घासतात, मग तिच्यावरून मेटल डिटेक्टर फिरवतात. पण डिटेक्टरच्याही आधी आमच्या मिस्त्रींची नजर फिरते. लोखंडाचा मोळा लाकडात गंजला की त्याच्याभोवती निळसर काळा डाग पसरतो. वर डोकं दिसो न दिसो, डाग दिसला की आत मोळा आहे असंच धरायचं. जुने, हाताने घडवलेले चौकोनी मोळे डोकं तुटून खोल राहिलेले असतात आणि पकडीला दाद देत नाहीत. त्यांच्या कडेने बारीक भोकं पाडून ते मोकळे करून घ्यावे लागतात. एका तुळईमागे यात अर्धा दिवस जातो. तो जाऊ द्यावा.

एवढं करूनही एखादा सुटतोच, आणि तिथे ब्लेडच्या दातांना लावलेल्या विडियाचा स्वभाव कळतो. विडिया म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे अतिबारीक कण, कोबाल्टने एकत्र बांधून भट्टीत पक्के केलेले. पोलादाच्या दातापेक्षा तो कितीतरी पट जास्त टिकतो, पण ठिसूळ असतो. मोळ्यावर आपटला की वाकत नाही, त्याचा टवका उडतो. कोबाल्टचं प्रमाण जास्त असेल तर दात मार सोसतो पण लवकर झिजतो, कमी असेल तर उलट. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डला नुसती झीज असते, मार नसतो, म्हणून त्यांच्या ब्लेडला कडक ग्रेड लावतात. ते ब्लेड वाड्याच्या तुळईवर चालवलं की दात गेलेच म्हणून समजा.

माझ्या टेबल सॉवर ३०० मिमीचं, ३० मिमी भोकाचं ब्लेड बसतं. उभ्या चिरकामाला २४ दातांचं, कारण उभं चिरताना लांब भुसा निघतो आणि तो बाहेर पडायला दोन दातांमध्ये जागा लागते. प्लायवूड आणि सनमायकाला ९६ दातांचं, ज्यात एक दात टोकाला दोन्हीकडून तासलेला आणि किंचित उंच, त्याच्या पुढचा सपाट, असे आलटून पालटून असतात. उंच दात मधून चर पाडतो, मागचा सपाट दात कडा साफ करतो. जुन्या मालाचा पहिला काप मात्र नव्या ब्लेडने कधीच घेत नाही. त्यासाठी उतरतीला लागलेलं २४ दातांचं एक वेगळं ठेवलंय. लाकडाचं पोट उघडलं, आत काय आहे ते दिसलं, की मग चांगलं ब्लेड चढतं.

खरेदीला मी अजूनही मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जातो. पुण्यात माल मिळत नाही असं नाही, पण नागदेवीला चार दुकानांत चार ब्लेडं हातात घेऊन शेजारी शेजारी ठेवून बघता येतात, आणि ब्लेड हातात घेतल्याशिवाय कळत नाही. पहिल्यांदा बघायची ती विडियाच्या तुकड्याची जाडी. स्वस्त ब्लेडवर तो जेमतेम दीड मिमी असतो, चांगल्यावर अडीच ते तीन. दर धारेला साधारण ०.१ ते ०.२ मिमी विडिया जातो, तेव्हा जाड दाताचं ब्लेड घेताना आपण पुढच्या कित्येक धारा आधीच विकत घेत असतो. पातळ दाताचं दोन-तीनदा घासलं की संपलं. मग स्वस्त काय नि महाग काय, तो हिशेब ज्याचा त्याने करावा. मी तरी किंमत कधी नुसत्या ब्लेडची बघत नाही. ब्लेड आणि त्याच्या आयुष्यभराच्या धारा यांची एकत्र बघतो.

मग दात जिथे झाळलाय तो सांधा बघायचा. चांदीच्या डागाची रेघ अखंड हवी, मध्ये पोकळी नको. बॉडीवर दोन आकडे कोरलेले असतात, समजा ३.२ आणि २.२. पहिला कापाची रुंदी, दुसरा पत्र्याची जाडी. मशीनवर ब्लेडच्या मागे जी फाळ असते तिची जाडी या दोन आकड्यांच्या मधली लागते. फाळ कापापेक्षा जाड असली तर लाकूड अडकतं, पत्र्यापेक्षा पातळ असली तर काप मिटून ब्लेडला चिमटा बसतो आणि फळी उलटी अंगावर येते. तिसरा आकडा कमाल आरपीएमचा. ज्यावर तो लिहिलेलाच नाही ते ब्लेड फुकट दिलं तरी घेऊ नये. ३०० मिमीचं ब्लेड ४५०० आरपीएमला फिरतं तेव्हा दाताचं टोक सेकंदाला ७० मीटरच्या वेगाने जात असतं. तुटलेला दात त्याच वेगाने सुटतो.

आता धार. माझं सगळ्यात ठाम मत इथे आहे: धार पूर्ण जाण्याची वाट बघू नये. झिजलेल्या दाताचं टोक गोल होतं. गोल झालं की लाकूड कापण्याऐवजी घासलं जातं, घासलं की तापतं, आणि तापलं की झीज आणखी वेगाने होते. धारवाल्याला तो सगळा गोल भाग काढावाच लागतो. वेळेत दिलेलं ब्लेड ०.१ मिमीत ताजं होतं. फळी काळी पडेपर्यंत, मोटर कण्हेपर्यंत ओढलेल्या ब्लेडचा दुप्पट-तिप्पट विडिया चाकाखाली जातो. अजून चालतंय की, म्हणून ढकलणाऱ्याचं ब्लेड आधी संपतं.

ओळखायचं कसं? ब्लेड मशीनवरून काढा, खिडकीजवळ जा, भिंग डोळ्याला लावा आणि दाताची धार उजेडात थोडी थोडी फिरवा. तीक्ष्ण धारेवर उजेड थांबत नाही, तिथे काहीच दिसत नाही. धार गोल झाली असेल तर कडेवर एक पांढरी, बारीक रेघ चमकते. रेघ दिसली की ब्लेड धारेला. पण त्याआधी ते साफ करून बघा. पुष्कळदा दात ठीक असतात, त्यांच्या कडांवर राळ आणि प्लायच्या गोंदाचा तपकिरी थर चढलेला असतो. थोडा वेळ रॉकेलमध्ये ठेवून नायलॉनच्या ब्रशने घासलं की तेच ब्लेड पुन्हा नीट कापायला लागतं. काम संपल्यावर हे केलंच पाहिजे, पण सांगून सांगूनही कोणी करत नाही.

धारवाला निवडताना त्याचं चाक कोणतं ते विचारायचं. पांढरं चाक म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, ते पोलादाला चालतं, विडियाला नाही. (चाकं बनवणं हे आपल्याकडचं जुनं काम आहे. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने उरणला जाताना जिथे उतरतो त्या मोऱ्याला ग्राइंडवेल कंपनीने १९४१ मध्ये चाकांचा कारखाना काढला.) हिरवं चाक सिलिकॉन कार्बाइडचं, त्याने विडिया घासला जातो पण धार खरखरीत राहते, बारीक टवके पडतात. विडियाला हिऱ्याचंच चाक हवं, आणि तेही सतत कूलंट सोडून. कोरडं घासणाऱ्याच्या दुकानात मी थांबत नाही. विडियाच्या धुळीत कोबाल्ट असतं आणि ते फुफ्फुसात साठून कायमचा दमा लावू शकतं. त्या माणसाला मास्क लावा हे मी सांगतो, त्याला आवडो न आवडो.

आणि दाताचा आकार. एका ठिकाणी माझं ९६ दातांचं ब्लेड सगळे दात एका उंचीत सपाट घासून परत आलं. दिसायला चकाचक. सनमायकावर घातलं तर कापाच्या दोन्ही कडांना बारीक टवके. आलटून पालटून असलेली उंचीच गेली होती, म्हणजे ब्लेड धारदार असून निकामी. आता जिथे देतो तिथले काका सीएनसी मशीनवर दात एक एक करून घासतात, पुढची बाजू आणि डोकं दोन्ही, आणि ब्लेड घेताना पहिला प्रश्न विचारतात, “यावर काय कापता?” हा प्रश्न न विचारणाऱ्याकडे मी ब्लेड ठेवत नाही.

रंधा मशीनच्या ड्रमवर बसणाऱ्या तीन पात्यांची गोष्ट वेगळी. ती एचएसएसची, म्हणजे हाय स्पीड स्टीलची असतात आणि नाईफ ग्राइंडरवर पांढऱ्या चाकाखाली, पाण्यात, चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या कोनात घासली जातात. आपली साधी पटाशी ग्राइंडरवर निळी पडली तर तिचं पाणी उतरलं. एचएसएस पाचशे अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतं, पण तापलेलं पातं गार पाण्यात बुडवलं तर धारेला केसासारख्या भेगा जातात आणि महिन्याभरात कड तुकड्यातुकड्याने सुटते. तिन्ही पाती एकत्रच धारेला द्यायची आणि परत आल्यावर काट्यावर तोलायची. एक हलकं झालं तर ड्रम थरथरतो आणि फळीवर लाटा उठतात.

मोळ्यामुळे पात्यांना खाच पडली तर लगेच काढायची गरज नसते. तिन्ही पात्यांच्या खाचा एका ओळीत येतात म्हणून फळीवर उंच रेघ उमटते. एक पातं दोन मिमी डावीकडे, दुसरं उजवीकडे सरकवलं की एकाची खाच दुसरं पातं कापून टाकतं. हे मला मिस्त्रींनी शिकवलं. कित्येकदा आठवडाभराचं काम यावर निघतं.

लाकडाच्या कडांना घाट देणाऱ्या राउटर मशीनच्या बिटला घरी हात लावायचा असेल तर बेअरिंग काढून, ६०० ग्रिटच्या हिऱ्याच्या पट्टीवर फक्त आतली सपाट बाजू घासा, दोन्ही धारांना सारखेच हात द्या. बाहेरच्या गोलाईला मुळीच नाही, तिथे घासलं की व्यास आणि प्रोफाइल दोन्ही गेलं.

ब्लेडं धारेला देताना प्रत्येकाच्या मध्ये पुठ्ठा घालतो, दातावर दात नको. पुठ्ठ्यावर कशावर चालवलं ते लिहितो आणि तुटलेल्या दातापाशी मार्करने खूण करतो. चोविसातले चार-पाच दात गेले असले तरी काका नवे झाळून, बाकीच्यांच्या उंचीला आणून देतात आणि जाड बॉडीच्या ब्लेडला ते परवडतं. मात्र दाताच्या मुळाशी पत्र्याला भेग दिसली, अगदी नखाएवढी जरी, तर ते ब्लेड परत करताना काका त्यावर खडूने फुली मारतात. ते आम्ही ग्राइंडरने दोन तुकडे करूनच भंगारात टाकतो, म्हणजे जुन्या बाजारातून ते पुन्हा कोणाच्या मशीनवर चढायला नको.