फॅट जागेवर, एसएनएफ खाली
मी कोल्हापूर भागात दूध संकलनाचा डेटा बघतो. गावोगावच्या संस्थांतून मशीनवरचे आकडे येतात आणि मी ते ग्राफवर टाकतो, आडवं फॅट, उभं एसएनएफ (फॅट आणि पाणी सोडून दुधातले बाकीचे घन घटक), एक ठिपका म्हणजे एका उत्पादकाचं एका वेळचं दूध. गाय-म्हैस एकत्र टाकलं की वाटतं फॅट वाढलं की एसएनएफ वाढतंच, पण ते मुळात दोन वेगळे पुंजके असतात, नुसती गाय बघितली की तेच नातं बरंच ढिलं पडतं. म्हणून मी आधी ते वेगळं करतो आणि मगच काय ते बोलतो.

त्या दिवशी सकाळी सकाळी एका सचिवांचा फोन. "सर, एक बाई पाणी घालत्यात, डिग्रीच बसंना, दूध बंद करतो त्यांचं." डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरवरचं रीडिंग, पाणी घातलं की ते उतरतं. म्हटलं थांबा जरा, बघू दे मला.

त्या मावशींचे ठिपके पुंजक्यापासून लांब होते हे खरं, पण लांब कुठल्या बाजूला ते नको का बघायला? पाणी पडलं की फॅट आणि एसएनएफ दोन्ही एकाच प्रमाणात उतरतात, ठिपका तिरका खाली घसरतो. यांचं दूध आधी फॅट ४.१ आणि एसएनएफ ८.६ असायचं, आता एसएनएफ ८.० वर आलेलं, म्हणजे पाणी असतं तर फॅट पण ३.८ च्या आसपास यायला हवं होतं, पण ते ४.१ लाच, आणि हे एकदा नाही, सकाळ-संध्याकाळ रोज तसंच. मशीन बिघडलं म्हणावं तर बाकीच्यांचे ठिपके जागेवर. एकट्या त्यांचाच ठिपका सरळ खाली पडलेला.

आता चारा-खुराक कमी पडला तरी एसएनएफ उतरतं, त्यामुळे ऑफिसात बसून उत्तर मिळणार नव्हतं. डॉक्टरांना घेऊन गोठ्यावर गेलो. मावशी आधी बोलेचनात, मग म्हणाल्या, "गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाही हो." गाय एकच, कास दिसायला चांगली, सूज नाही, दुधात गाठी नाहीत. डॉक्टरांनी चार वाट्यांच्या पॅडलमध्ये चारही सडांचं दूध वेगवेगळं घेतलं, सोल्युशन टाकून गोल फिरवलं. दोन वाट्या पातळच राहिल्या आणि मागच्या दोन सडांचं दूध शेंबडासारखं घट्ट झालं. दगडी, म्हणजे कासेचा दाह, मस्टायटिस! छुपी, वरून काही न दिसणारी. कासेला इजा झाली की दुधातलं लॅक्टोज कमी होतं आणि एसएनएफ त्याच्यासोबत खाली येतं.

औषध चालू केलं, अँटिबायोटिकचं दूध डॉक्टर सांगतील तोवर घालायचं नाही हे मावशींना नीट समजावलं. सचिव पण चांगला माणूस, त्यांनी तिथेच मावशींची माफी मागितली. दुधाच्या पैशातली आधीची कपात मात्र अजून परत मिळालेली नाही, ग्राफ जोडून अर्ज दिलाय, पाठपुरावा चालू आहे.