माझा दाखला आजोळी निघाला

माझा व्हिसा अमेरिकेनं अडवला, असं आमच्या भावकीत सगळे सांगतात. अडवला खरा, पण मला रडवलं ते एका जन्माच्या दाखल्यानं.

लग्न झालं तेव्हा नवऱ्याकडं ग्रीन कार्ड होतं, नागरिकत्व नव्हतं. "फियान्से व्हिसानं न्यायचं होतंस की" म्हणणारे पुष्कळ भेटले. तो होणाऱ्या बायकोसाठीचा व्हिसा, फक्त नागरिकालाच मागता येतो. ग्रीन कार्डवाल्यानं आय-130 म्हणजे नातेवाइकासाठीचा अर्ज भरायचा आणि बायकोनं एफ2ए च्या, म्हणजे ग्रीन कार्डवाल्यांच्या बायकामुलांसाठीच्या कोट्याच्या, रांगेत थांबायचं. आम्ही 2022 मध्ये भरला तेव्हा रांगच नव्हती. एप्रिल 2023 च्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे रांग कुठवर आली ते सांगणाऱ्या दरमहाच्या सरकारी पत्रकात, मात्र तारीख पडली, 8 सप्टेंबर 2020. त्याआधी अर्ज केलेल्यांचाच नंबर! बॅग परत माळ्यावर गेली.

तर दाखला. डीएस-260 या व्हिसाच्या अर्जासोबत जन्माचा दाखला लागतो. माझ्याकडं फक्त शाळा सोडल्याचा. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी ग्रामपंचायतीत गेले. पहिल्या फेरीला भाऊसाहेब मीटिंगला, दुसऱ्या फेरीला कपाटाची किल्ली शिपायाकडं नि शिपाई जत्रेला. तिसऱ्या फेरीला रजिस्टर निघालं, माझं नाव निघालं नाही. "नोंद आढळत नाही असं पत्र देतो," म्हणाले. मी हरखून घरी आले. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "आगं, पहिलं बाळंतपण माहेरी नाही का? तू वाईत झालीस."

तीन फेऱ्यांत आईला एकदा विचारावं हे मला सुचलं नव्हतं. जन्म जिथं झाला तिथंच नोंद होते, बापाच्या गावी नाही.

आजोळच्या दवाखान्याची नोंद सापडली, पण आईचं नाव माहेरचं! सासरी ते बदललेलं, माझ्या पासपोर्टात नवं. कारकून म्हणाले, "ताई, हे चालणार नाही." मग आईचा शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार. दर खेपेला एक कागद कमी. सगळे एकदम का सांगत नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही. शेवटी दुरुस्ती झाली ती अशी: जुन्या नावाला कुणी हात लावला नाही, कडेला समासात नवं नाव, खाली सही-शिक्का. जन्म-मृत्यू कायद्याच्या कलम 15 प्रमाणे ती तशीच करतात. हे आधी ठाऊक असतं तर 'खाडाखोड नको' म्हणून मी भांडले नसते.

दरम्यान आत्या म्हणायची, टुरिस्ट व्हिसावर जाऊन ये. त्या अर्जात, तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट पिटिशन भरलंय का, असा थेट प्रश्न असतो. खोटं लिहाल तर कायमचे अडकाल.

रांग सुटली ती वेगळ्याच वाटेनं. 2024 मध्ये नवरा नागरिक झाला, त्याच्या प्रमाणपत्राची प्रत व्हिसा सेंटरला पाठवली आणि मी कोट्याबाहेर गेले. ग्रीन कार्डाला पाच वर्षं पुरी व्हायच्या 90 दिवस आधी एन-400, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरता येतो. आमच्याकडं "भरू की निवांत" चाललं होतं, मी रोज फोन करून भरायला लावला. लग्नाला दोन वर्षं उलटल्यामुळं माझं ग्रीन कार्डही दहा वर्षांचं.

अरे हो, दाखल्यावरचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी तिथंच उभं राहून ताडून घ्या.

मुंबईला बीकेसीत मुलाखतीला खिडकीपलीकडच्या बाईंनी दाखला हातात घेतला, पाच सेकंद पाहिला, परत सरकवला. आईचं नाव विचारलंसुद्धा नाही.